धाकटीला उठवणारी

३ फेब्रुवारी

ताई,

तुमचा पत्ता आपल्या लॅबच्या स्टोअरवाल्या काकांकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नका. तुमची मागे राहिलेली छत्री त्यांनी कुरियरने पाठवली होती, तेव्हाची पावती त्यांच्या खणात पडून होती. फोन तुम्ही उचलत नाही, आणि का उचलावा? पत्राचं बरं असतं. नको असेल तर फाडून टाकता येतं.

काका सांगत होते की तुम्ही पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहात. "आख्ख्या शहराचं पाणी तिच्या हाताखालून जातं," असं ते सगळ्यांना अभिमानाने सांगतात. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या चहाला कोणी नावं ठेवत नाही, तेवढीच त्यांची तक्रार आहे.

इकडे सगळं ठीक. तुमच्या टेबलावर कोणी बसत नाही. हातमोज्यांचे खोके बसतात. उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार अजून लाथ मारल्याशिवाय लागत नाही. आपला शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला. त्यांना जवळपास सगळं मान्य आहे, फक्त एक छोटा प्रयोग जोडायला सांगितलाय. आभारांत तुमचं नाव आहे. मीच मॅडमकडे आग्रह धरला.

परवा आईला आपलं काम समजावत होते. तुम्ही ठेवलेली नावंच वापरली, दुसऱ्या कशाने तिला कळलं नसतं. म्हटलं, पेशीच्या पडद्यावर एक लहानसं प्रोटीन असतं, ती आपली धाकटी. तिच्या खिशात जीटीपी नावाचा रेणू असला की ती जागी, आणि तो तुटून जीडीपी झाला की झोपलेली. जागी असली की पेशीतली बरीच कामं तिच्या सांगण्यावरून चालतात, म्हणून ती वेळेवर उठली पाहिजे आणि वेळेवर झोपलीही पाहिजे. आपलं आपण तिला दोन्ही नीट जमत नाही. मग एक उठवणारी असते, ती खिशातला जुना जीडीपी ओढून काढते म्हणजे नवा जीटीपी आत जातो. एक निजवणारी असते, ती खिशात बोट घालून जीटीपी तोडायला मदत करते. आणि एक कडेवर घेणारी, जी झोपलेल्या धाकटीला पडद्यावरून उचलून पेशीच्या पाण्यात हिंडवते. आई दिवसभर पाळणाघरातली पोरं सांभाळते. ती म्हणाली, "म्हणजे तिथेही एका पोरीमागे तीन बायका. आणि तू त्यातली उठवणारी शोधलीस ना? मला वाटलं काहीतरी अवघड असेल."

बाबांनी त्यांच्या एसटी डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय. निबंधाचं पहिलं पान लावायला चौकटही करून आणली आहे, काचेसकट.

एक विचारायचं होतं, म्हणून हा पत्रप्रपंच. आपल्याकडे एक नवीन मुलगी आली आहे, उठवणारीवरच काम करते. तिच्या प्रोटीनचे तुकडे पडत होते म्हणून ती ते ज्या बफरच्या द्रावणात ठेवते त्यात ईडीटीए घालते. त्याने पुढच्या प्रयोगात काही बिघडेल का? मी तिला म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय. तरी वाटलं, तुम्हाला विचारावं.

तुमची,
मुंगी

१७ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर येईल असं खरंच वाटलं नव्हतं. टपालाच्या ढिगात तुमचं अक्षर दिसलं आणि मी पाकीट ॲप्रनच्या खिशात घालून थेट वजनकाट्याच्या खोलीत गेले, दार लावून वाचलं.

माझ्यासाठी पत्रात एक ओळही नाही. तेही बरोबरच आहे. पण त्या नव्या मुलीसाठी दोन पानं. कोणासाठी कोण इतकं लिहितं?

"तिला सांग," तुम्ही लिहिता, "की धाकटीच्या खिशात जीडीपी नुसता बसलेला नसतो, मॅग्नेशियमची कडी त्याला धरून असते. ईडीटीए ती कडी काढून घेतो. इथे मी रोज तेच करते, ईडीटीए थेंबथेंब टाकून पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मोजते. तो कोणाचीही भीडभाड ठेवत नाही. कडी गेली की खिसा आपोआप उघडा पडतो, मग उठवणारी असो वा नसो. तिने प्रोटीन ज्या बाटलीतल्या बफरमध्ये ठेवलं, त्याच बाटलीतलं नुसतं बफर टाकून बघावं. दुसऱ्या बाटलीतलं नाही, त्याच. आणि तिला रागावू नकोस. प्रोटीन वाचवायला गेली म्हणून झालं हे. हयगय करणाऱ्या पोरी ईडीटीए घालतच नाहीत."

मी तिला हे सगळं सांगितलं. तिला पटलं. ती जरा गप्प गप्प असते हल्ली. चांगली आहे तशी, कामाला वाघ, पण कोणी काही विचारलं की तिला वाटतं आपली परीक्षाच घेतायत. घरात शिकलेली पहिलीच ना. आपल्याला येत नाही हे कळलं तर परत पाठवतील, अशी काहीतरी भीती तिच्या डोक्यात असते. कोण पाठवणार आहे, आणि कुठे? पण असते.

मॅडम त्या शेवटच्या प्रयोगाचा आलेख मागतायत. मी सांगितलं, मशीन बिघडलंय. मशीन तसं कधी ना कधी बिघडतंच.

तुम्हाला नवीन जागा मानवली का? खिडकी आहे का तुमच्या टेबलाजवळ? इथे असताना तुम्ही नेहमी म्हणायचात, पगार कमी चालेल पण खिडकी हवी.

मुंगी

१ मार्च

ताई,

नवीन मुलगी नाही. कोणीही आलेलं नाही.

हे वाक्य लिहून झालं. आता पुढचं लिहिते.

परीक्षकांनी मागितलेला प्रयोग साधा होता. उठवणारी कमी कमी करत न्यायची आणि धाकटी त्या प्रमाणात उशिरा उठते हे दाखवायचं. आधी मी तेच दाखवलं होतं, पण दर वेळी प्रोटीनच कमी-जास्त टाकून. या वेळी म्हटलं, नीट करू, सगळीकडे एकूण थेंब सारखे ठेवू. म्हणून प्रोटीन कमी केलं तिथे त्याच बाटलीतलं बफर घालून भरपाई केली. प्लेटच्या शेवटच्या खळग्यात प्रोटीन अजिबात नव्हतं, सगळं बफरच. प्लेट मशीनमध्ये ठेवली. धाकटी उठली की रेघ चढते; पडद्यावर रेघा चढायला लागल्या, आणि सगळ्या सारख्याच, एकीवर एक चढल्या. शेवटचीसुद्धा. मी आधी पडदा पुसला, ताई. ओढणीने.

म्हणजे माझ्या उठवणारीने कोणालाही उठवलं नव्हतं. ईडीटीएने कडी काढली होती. प्रोटीन जास्त टाकलं की त्याबरोबर बफर जास्त जायचं, रेघ जास्त चढायची, आणि मॅडम म्हणायच्या, "वा." कंट्रोल, म्हणजे प्रोटीन नसलेला तुलनेचा खळगा, मी दुसऱ्या बाटलीतल्या बफरने केला होता, ज्यात ईडीटीए नव्हता. आणि यातली खरी लाज ही की ईडीटीए काय करतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. धाकटीच्या खिशात जीटीपी भरायचा असतो तेव्हा आपण दर आठवड्याला हाच ईडीटीए मुद्दाम घालतो. मी माझ्या हाताने घालते. एका कामात तो हत्यार आणि दुसऱ्या कामात नुसता राखणदार, असं मी मनात दोन कप्प्यांत ठेवलं होतं.

ती प्लेट मी कचऱ्यात टाकली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुमचा पत्ता मागितला. तुम्ही म्हणाल की काही बिघडत नाही, अशी मला आशा होती. ते तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं, याच्याहून निर्लज्जपणा कोणता? ज्या माणसाला खोटं पाडलं त्याच्याकडूनच मी खोट्यावर शिक्का मागत होते, आणि तोही एका न जन्मलेल्या मुलीच्या नावाने. तिला तुम्ही दोन पानं लिहिलीत. तिला रागावू नकोस म्हणालात.

त्याच प्रोटीनवर तुमची रेघ सपाट होती. प्रत्येक वेळी. तुम्ही तुमचं प्रोटीन स्वच्छ बफरमध्ये ठेवायचात, म्हणून जे खरं होतं तेच तुम्हाला दिसत होतं. साप्ताहिक बैठकीत मॅडमनी विचारलं, एकाच प्रोटीनच्या दोन रेघा दोन तऱ्हेच्या कशा? मी हात वर करून, शाळेत करतात तसा, म्हणाले, "ताईंचं प्रोटीन बहुतेक मेलेलं असेल." माझ्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मग ते चालूच झालं. चहा गार झाला की ताईंच्या प्रोटीनसारखा झाला म्हणायचे. मी ते म्हटलं नाही कधी. पण हसले. दोनदा तरी हसले.

तुम्ही चार वर्षं घालवली होतीत त्या रेघेवर. तुम्ही भांडला नाहीत. टेबल पुसून गेलात.

निबंध अजून गेलेला नाही. मी ठरवलं तर तो आलेख बनवू शकते. जुन्यासारखं, थेंब कमी-जास्त टाकून. कोणालाही कळणार नाही. हे तुम्हाला लिहिलं की मग ते करता येणार नाही, म्हणून लिहितेय.

मुंगी

९ मार्च

ताई,

मॅडमना सांगितलं.

मी तो प्रयोग पुन्हा केला, म्हणजे हातात दाखवायला काहीतरी असावं. नुसत्या बफरची रेघ मोठी छापून नेली. त्यांच्या खोलीत उभ्या उभ्याच बोलले. त्या चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या, जणू जवळून पाहिलं तर रेघ खाली येईल.

"हे कधी कळलं तुला?"

"जानेवारीअखेर."

"आणि मशीन बिघडलं होतं ते?"

"नव्हतं बिघडलं."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "बस. ती खुर्ची नको, ती डुगडुगते." मग म्हणाल्या, "मलाही चढती रेघ आवडली होती. सपाट रेघ दाखवणारीला मी दहा प्रश्न विचारले. तुला एकही नाही विचारला."

निबंध त्यांनी माझ्यासमोरच मागे घेतला. मला म्हणाल्या, "तुझं एक वर्ष गेलं." मी म्हटलं, "ताईंची चार गेली." त्यांनी लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला.

बैठकीत मीच बोलायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या होत्या, मी सांगते, तू नुसती बस. मी नाही म्हटलं. मोठेपणा म्हणून नव्हे. ते वाक्य माझ्या तोंडून त्या खोलीत सांडलं होतं, ते मलाच पुसायला हवं होतं. मी म्हणाले, "ताईंचं प्रोटीन मेलेलं नव्हतं. माझं बफर चुकलं होतं." मागच्या रांगेत कोणी हसलं नाही. पाठ करून गेलेली आणखी चार वाक्यं होती, ती आलीच नाहीत. स्टोअरवाले काका चहा घेऊन दारात उभे होते, तेही आत यायचे थांबले. चहा गार झाला आणि कोणीही काही म्हटलं नाही.

घरी सांगणं अवघड गेलं. बाबांना वाटलं, मला काढून टाकलं. त्यांना परत परत सांगितलं की काढलं नाही, फक्त जे सापडलं होतं ते सापडलेलं नाही. ते म्हणाले, "डेपोत काय सांगू?" मी म्हटलं, चुकलं म्हणून सांगा. ते म्हणाले, "तुझं चुकलं असं मी कशाला सांगू? मशीनचं चुकलं म्हणतो." मी म्हटलं, बाबा, मशीनचं नाही हो. मशीनवर माझं एकदा ढकलून झालंय. ते अंगणात जाऊन उगीच सायकलची चेन बघत बसले. माझी लाज एवढा वेळ माझ्यापुरती होती, आता ती त्यांच्या मानेत दिसत होती.

आईने दुसऱ्या दिवशी त्या चौकटीत पाळणाघराचे नियम लावले. "मुलांना वेळेवर न्यावे. तापातल्या मुलांना आणू नये." म्हणाली, काच चांगली आहे, वाया कशाला घालवा.

तुमच्याकडे काही मागत नाही. माफीसुद्धा नाही, ती मागणं म्हणजे तुम्हालाच पुन्हा कामाला लावणं. हे घडलं, एवढं तुम्हाला माझ्याकडून कळावं. काकांकडून नको.

मुंगी

२६ मार्च

ताई,

तुमची चार ओळींची चिठ्ठी मिळाली. ती इतकी वाचली की घडीवर कागद विरला आहे.

"नवीन मुलगी नाही हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं," तुम्ही लिहिता. "बफरची इतकी काळजी दुसऱ्याच्या प्रोटीनसाठी कोणी करत नाही. तुला मी उत्तर लिहिलं नसतं, म्हणून तिला लिहिलं. तुला लिहायला मला अजून वेळ लागेल. उणे ऐंशीत खालच्या खणात मागे माझ्या नळ्या आहेत, कोणी टाकल्या नसतील तर. मेलेल्या आहेत का ते एकदा बघ."

खण उघडायला बर्फ खरवडावा लागला. नळ्या होत्या. हिरव्या झाकणांच्या, प्रत्येकीवर तुमचं ते बारीक अक्षर, आणि शेजारी त्याच दिवशीच्या बफरची बाटली, तीही गोठवून ठेवलेली. तुम्हाला कोणी विचारणार होतं की काय, तुमचं बफर दाखवा म्हणून? तरी ठेवली होतीत. मी त्या खणासमोर जमिनीवर बसले आणि बोटं बधिर होईपर्यंत उठले नाही.

मेलेलं आहे का, हे तपासायचं कसं? उठवण्याचा प्रयोग पुन्हा करण्यात अर्थ नव्हता, रेघ सपाट येणार हे ठरलेलं. मग वाटलं, आपण सगळ्यांनी हिला एकच प्रश्न विचारत वर्षं घालवली. उठवतेस का? नाही म्हणाली की पुन्हा, उठवतेस का? तुम्ही सौम्यपणे विचारलात, मी ईडीटीए घालून हो म्हणवून घेतलं. दुसरं काही करतेस का, असं कोणी विचारलंच नाही.

म्हणून मी एकच नळी घेतली. धाकटीच्या खिशात जीटीपी भरला, आणि या वेळी ईडीटीए धुऊन काढला, मॅग्नेशियम परत घातलं. तुम्हाला हसू येईल, पण मी ते मोठ्याने बोलत बोलत केलं, "कडी लावली, कडी लावली." मग एका खळग्यात धाकटी आणि तुमचं बफर. दुसऱ्यात धाकटी आणि तुमचं प्रोटीन. तिसऱ्यात धाकटीच नाही, नुसतं तुमचं प्रोटीन, म्हणजे आधीपासून काही हिरवं असेल तर कळावं. थोडा वेळ थांबले, आणि तिन्हींत तो रंग घातला, जो जीटीपी तुटला की पिवळ्याचा हिरवा होतो.

पहिला खळगा पिवळाच राहिला, धाकटी आपली आपण जेवढी सावकाश निजते तेवढीच त्यात किंचित हिरवट झाक आली. तिसरा पिवळा. मधला हिरवा झाला, ताई. बघता बघता झाला. मी प्लेट उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात बघितली, मग मॅडमना हाक मारली. त्यांनी आधी विचारलं, "बफर कुठलं?" मी म्हटलं, "ताईंचंच. त्याच दिवशीचं." मग त्यांनी बघितलं. बघून म्हणाल्या, "बाई गं."

ती निजवणारी आहे. जिला मी मेलेली म्हटलं ती इतके दिवस बर्फात पडून जिवंत होती, आणि तिला तिचं काम येत होतं. तुमची सपाट रेघही खरी होती, उठवत नाही म्हणजे नाही. मी एकदाच बघितलंय. तीन वेळा झाल्याशिवाय काही म्हणायचं नसतं, हेही तुम्हीच शिकवलेलं. मला वाटलं होतं की हे दिसलं की हलकं वाटेल. तसं झालं नाही. प्रोटीन खरोखर मेलेलं निघालं असतं तर माझं वाक्य निदान चुकून खरं ठरलं असतं.

मॅडम म्हणाल्या, बाकीच्या नळ्या घे, महिन्याभरात पूर्ण होईल. मी नाही घेतल्या. उघडलेली नळी संपली. उरलेल्या होत्या तशा, बफरच्या बाटलीशेजारी, त्याच खणात ठेवल्या आहेत. त्यांना माझा हात लागणार नाही. मॅडम तुम्हाला वेगळं पत्र लिहितायत, तुमच्या अर्धवट राहिलेल्या प्रबंधाबद्दल. काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी त्या तशाच राहतील. दाराला लाथ मी रोज मारते, जाताना, नीट लागलंय ना बघून.

तुमच्या टेबलावरचे खोके खाली काढले आहेत. खिडकीजवळचं टेबल खरं तर माझं आहे. ते मी रिकामं केलं. मी आता फ्रीजरशेजारी बसते.

मुंगी